मामांची जीप आणि माझे एक क्रियापद

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस मराठीच्या प्राध्यापकाला फार मानाचे असतात. एरवी वर्षभर ज्यांना आमची आठवणही होत नाही, अशी माणसे या दिवसांत पत्ता विचारीत घरी येतात. कोणाला शुभेच्छापत्रावर चार ओळी हव्या असतात, कोणाला नव्या दुकानाचे नाव सुचत नसते, तर कोणी नुसतेच ‘शुद्धलेखन बघून द्या सर’ म्हणून कागद पुढे करतो. शुद्धलेखन ही गोष्ट फुकट मिळते अशी लोकांची पक्की समजूत आहे. ती आम्हीच करून दिलेली आहे, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार?

गेल्या वर्षी असाच माझा एक जुना विद्यार्थी आला. मुलगा गुणी, आवाज गोड, एम. ए.ला दुसरा वर्ग. गवतापासून गॅस काढणाऱ्या कुठल्याशा मंडळींकडे तो नुकताच चिकटला होता. शेतकऱ्यांनी नेपिअर जातीचे गवत लावायचे, ते ह्या मंडळींनी घ्यायचे, ते कुजवून त्याचा गॅस करायचा आणि त्या गॅसवर डिझेलऐवजी ट्रक, ट्रॅक्टर चालवायचे, अशी सगळी योजना. यात अशक्य असे काही नाही. आमच्या नागपूरच्या नितीन गडकरींनी आपला डिझेलचा ट्रॅक्टर २०२१ साली गॅसवर चालेल असा करून घेतला, ते तर सगळ्या वर्तमानपत्रांतून छापून आले होते. विद्यार्थ्याने आणलेले पत्रक हिरव्या शाईत होते. मी चष्मा लावून वाचू लागलो. दुसऱ्याच ओळीत ‘हे गवत थोड्या पाण्यावर येते’ असे वाक्य होते.

“सर, काही चुकले का?” त्याने विचारले.

“नाही,” मी म्हणालो, “शुद्धलेखन बरोबर आहे.”

पण कागद मी परत दिला नाही. ‘दोन दिवस राहू दे’ म्हणालो. आमच्या घरातून हे संभाषण ऐकू गेले असावे, कारण तो गेल्यावर सौभाग्यवती पदराला हात पुशीत बाहेर आली आणि म्हणाली, “मामांना सांगणार आहात की नाही?”

तर आता मला मामांची गोष्ट सांगणे भाग आहे.

माझे मामा काटोल तालुक्यातले. काटोल म्हटले की संत्री डोळ्यांपुढे येतात आणि ते बरोबरच आहे. मामांची साडेतीन एकरांची बाग होती. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे त्या बागेत पडलेली असायचो. आमच्याकडे काही घरांतून मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. बाहेरच्यांना हे उलटे वाटेल, पण मामांचा वाकलेला पाठीचा कणा आणि माझ्या धुळीने भरलेल्या पायांना लागलेली त्यांची बोटे हे माझ्या बालपणाचे अगदी ठळक चित्र आहे. पुढे मी मोठा झालो, लाजू लागलो, तरी मामांनी रीत सोडली नाही.

त्या बागेला २००३ च्या सुमारास डिंक्याने गाठले. झाडाच्या बुंध्याला साल फाटून डिंक गळू लागतो, पाने पिवळी पडतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. त्यात विहिरीचे पाणी खोल गेले. दोन वर्षांत बाग गेली. मामांनी वाळलेली झाडे तोडून सरपणाला विकली तेव्हा मामी दोन दिवस जेवली नाही, असे आई सांगे.

मी त्या वेळी पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो. एम. ए. झालो होतो, एका कॉलेजात तासाच्या हिशेबाने शिकवीत होतो आणि तासाच्या हिशेबानेच जेवीत होतो म्हटले तरी चालेल. अशा दिवसांत एका रोपवाटिकेच्या मालकांची गाठ पडली. गृहस्थ मोठे उत्साही. त्यांना मोगली एरंडाच्या रोपांचे पत्रक मराठीत लिहून हवे होते.

मोगली एरंड म्हणजे आपल्याकडे कुंपणाला लावतात तो. कोणी त्याला चंद्रज्योतही म्हणतात. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, कारण तो विषारी आहे. त्याच्या बियांत तीसएक टक्के तेल असते आणि त्या तेलाचे डिझेल होते. हे काही भामटेपणाचे नव्हते, हे आज मुद्दाम सांगितले पाहिजे. २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीनेच अहवाल दिला होता की, २०११-१२ पर्यंत देशातल्या डिझेलमध्ये वीस टक्के असे वनस्पतीचे डिझेल मिसळायचे, आणि त्यासाठी १ कोटी १२ लाख हेक्टरांवर हे झाड लावायचे. राष्ट्रपती अब्दुल कलाम आपल्या भाषणांतून त्याचा पुरस्कार करीत होते. २००२ सालच्या शेवटच्या दिवशी दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडी अशा मिसळलेल्या डिझेलवर धावली होती. तेव्हा माझ्यासारख्या तासिकावाल्याने शंका घ्यावी असे तिथे काय होते?

मालकांनी मला एक इंग्रजी माहितीपत्रक दिले. त्यात लिहिले होते की, हे झाड कोरड्या, मुरमाड जमिनीत तग धरते. मी लिहिले, “हे झाड पाण्यावाचून येते.”

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे, कारण माझी सगळी गोष्ट या एका क्रियापदावर उभी आहे. ‘येणे’ हे आपल्या भाषेतले मोठे उदार क्रियापद आहे. पाहुणा येतो, ताप येतो, राग येतो, अक्कल (क्वचित) येते. बांधावर बाभूळ येते तेव्हा ती नुसती उगवते आणि जगते. पण शेतात ज्वारी येते तेव्हा तिचे कणीस भरते, ती खळ्यात पडते, तिचे पैसे होतात. झाड जगणे आणि झाड फळणे यांत जेवढे अंतर आहे तेवढे सगळे हे क्रियापद एका ढांगेत ओलांडते. लिहिताना मला हे कळले नव्हते असे म्हणता आले असते तर किती बरे झाले असते! खोटे कशाला सांगू? मला ते कळले होते. ते वाक्य दोन्हीकडे झुकते हे बघून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती. मालकही खूष झाले. त्यांनी मला पाचशे रुपये दिले. त्यातून मी आईला एक पातळ घेतले आणि उरलेल्यात एक शब्दकोश घेतला.

चार महिन्यांनी मामा नागपूरला आले. पाया पडून झाल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. काटोलच्या बाजारात कोणी वाटला होता.

“भाचेबुवा, तू मराठीचा एम. ए.,” ते म्हणाले, “हे वाचून सांग मले, खरं हाय का खोटं.”

मी कागद ओळखला आणि छाती फुगवून म्हणालो, “मामा, हे मीच लिहिले आहे.”

मामांनी माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरलेलो नाही. त्यांनी कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. वाचून दाखवायची गरजच उरली नव्हती.

मामांनी तीन एकरांत तीन हजार रोपे लावली. पाण्याची पहिली दोन वर्षे घागरीने ने-आण केली. रोपे जगली, यात वाद नाही. त्या मुरमात ती अशी तरारली की, रस्त्याने जाणारा बघत राही. तिसऱ्या वर्षी फळे धरली ती एका झाडाला वीस, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला काहीच नाही, अशी. शिवाय एकाच घोसातली चार फळे आज पिकत, दोन आठ दिवसांनी, उरलेली पंधरा दिवसांनी. ती वेचायला बाई लावली तर तिच्या मजुरीएवढेसुद्धा बी टोपलीत पडत नसे. सबंध तीन एकरांत मिळून दीड पोते बी झाले. ज्या झाडाला पाणी, खत, छाटणी यांची गरज नाही म्हणून लोकांनी ते लावले, ते फळायला मात्र पाणी, खत आणि छाटणी सगळेच मागत होते. हे पुढे देशात ठिकठिकाणी कळून आले. आमच्या मामांना जरा आधी कळले, इतकेच.

दीड पोते बी घेऊन मामा रोपवाटिकेत गेले. तिथे फाटकाला कुलूप होते. सरकारने असे डिझेल २५ रुपये लिटरने विकत घेण्याचा दर जाहीर केला होता आणि तो २००६ पासून लागू होता, पण त्या भावात ते तयार करणेच कोणाला परवडत नव्हते. मग बी कोण घेणार?

दुसरा एखादा माणूस हबकला असता. मामा चिडले. आणि वैदर्भीय शेतकरी चिडला की तो भाषण करीत नाही, काहीतरी विकत घेतो. मामांनी एक जुनी महिंद्राची जीप घेतली. प्यूजो बनावटीचे डिझेल एंजिन, वरचे ताडपत्रीचे छत फाटलेले, हॉर्न सोडून सगळे वाजणारे. “कोणी घेत नाही त मीच जाळतो,” म्हणाले.

आता डिझेलच्या एंजिनात तेल घालणे हा वेडेपणा आहे असे मला वाटले होते. लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेत तेलांचा अभ्यास केलेला माझा एक शाळासोबती आहे. एका खाणमालकाच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली ही संस्था आम्हा नागपूरकरांच्या अभिमानाची आहे, पण शेजारच्याच रस्त्यावर राहूनही मी तिच्या आत पहिल्यांदा गेलो तो मामांच्या जीपपायी. मित्र हसला. म्हणाला, “अरे, वेडेपणा कसला? हे एंजिन मुळात त्यावरही चालते.” आणि त्याने मला रुडॉल्फ डिझेलची गोष्ट सांगितली.

या डिझेलसाहेबाचे पहिले यशस्वी एंजिन १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला चालले. पेट्रोलच्या एंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलच्या एंजिनात ठिणगी नाही. नळकांड्यातली हवा इतकी दाबायची की, ती दाबानेच लाल तापते, आणि त्या तापल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. सायकलच्या पंपाचे टोक हवा भरताना गरम लागते, तेच तत्त्व. मग फवारा कशाचा आहे याच्याशी त्या हवेला फारसे कर्तव्य नसते. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटे डिझेल एंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते, आणि ते इतके निमूट चालले की, फार थोड्यांना त्यातले वेगळेपण समजले. ज्या वसाहतींत भुईमूग पिकतो तिथे कोळसा आणि खनिज तेल नेत बसायला नको, असा फ्रेंच सरकारचा त्यात विचार होता. पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि भुईमूग पुन्हा चिवड्यात गेला. बिचारा डिझेल १९१३ साली बोटीने इंग्लंडला जात असताना रात्रीतून नाहीसा झाला.

“पण,” मित्र म्हणाला, “तेल जाड असते. डिझेलच्या दहापट तरी जाड. फवारा नीट उडत नाही, थेंब पडतात, अर्धवट जळतात आणि काजळी धरते. त्याला दोन उपाय आहेत. एक तर तेलाला मेथॅनॉल आणि कॉस्टिक लावून त्यातले ग्लिसरीन खाली बसवायचे. साबण करतात त्याचीच ही चुलतबहीण समज. वर उरते ते पातळ, डिझेलसारखे. नाही तर तेल तसेच ठेवायचे आणि गाडी त्याच्यासाठी बदलायची.”

मेथॅनॉल विषारी आणि चटकन पेटणारे. ते मामांच्या गोठ्यात नको, असे त्याने बजावून सांगितले. म्हणून दुसरा मार्ग धरला. गांधीबागेकडच्या एका मिस्त्रीने जीपला दुसरी टाकी बसवली. रेडिएटरचे गरम पाणी तांब्याच्या नळीतून त्या टाकीत फिरवले म्हणजे तेल तापून पातळ व्हावे. ड्रायव्हरच्या पायाशी एक तोटी बसवली. गाडी सुरू करायची डिझेलवर, एंजिन चांगले तापले की तोटी फिरवून तेलावर घ्यायची, आणि थांबायच्या आधी पाच मिनिटे पुन्हा डिझेलवर आणायची, म्हणजे पंपात आणि नळ्यांत जाड तेल साचून राहत नाही. ही शेवटची पाच मिनिटे फार महत्त्वाची. मिस्त्रीने ती तीनदा सांगितली. (गाडीच्या पुस्तकावर इंधन म्हणून ‘डिझेल’ असेच राहिले. गाडीत असा फेरफार करायला मोटार कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे परवानगी लागते, हे मला फार उशिरा कळले. मामांना अजूनही मी कळू दिलेले नाही.)

मोगली एरंडाचे तेल आठ दिवसांत संपले. मग मामांनी कोणाला न विचारता टाकीत जवसाचे तेल ओतले. आमच्याकडे जुन्या माणसांचा जवसावर फार जीव. पूर्वी वैदर्भीय घरांतून भाजीला तेच तेल असे. जीप तीन दिवस ऐटीत धावली आणि चौथ्या दिवशी तिने दम तोडला. मित्राने कपाळावर हात मारला. जवसाचे तेल हवेने वाळते, म्हणून तर ते रंगात घालतात. मामांनी आपले एंजिन आतून रंगवून काढले होते! नोझल बाहेर काढले तेव्हा त्यावर सोनेरी, चकचकीत रोगण चढले होते. “पॉलिश त झकास झालं,” मामा म्हणाले.

शेवटी करंज सापडला. सापडला म्हणजे तो नाल्याच्या काठाने आणि गावच्या रस्त्याला पूर्वीपासून उभाच होता. त्याला कोणी लावला नव्हता, त्याची कोणी जाहिरात केली नव्हती. चैत्रात त्याची कोवळी पाने उन्हात तेल लावल्यासारखी चमकतात, खाली जांभळट फुलांचा सडा पडतो. त्याची शेंग बघितली की, दिवाळीच्या ताटातल्या करंजीला ते नाव का पडले हे वेगळे सांगावे लागत नाही. पोरे पोत्यांनी शेंगा गोळा करून आणीत, मामा त्या फोडून घेत, तालुक्याच्या तेलघाणीवर गाळून आणीत आणि पेंड वांग्यांना घालीत. ते तेल कडू, खाण्याच्या कामाचे नाही. पूर्वी दिव्याला आणि गुरांच्या खरजेला लागे. शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यात पॉवरगुडा नावाच्या आदिवासी वस्तीतल्या बायकांनी याच करंजाच्या बियांचे तेल काढले, आणि त्यामुळे वाचलेल्या धुराच्या बदल्यात २००३ साली जागतिक बँकेने त्यांना ६४५ डॉलर दिले, हे मी पुढे वाचले. गावच्याच झाडाचे गावच्याच बायांनी वेचलेले बी, एवढीच त्या कारखान्याची थोरवी. मामांनी त्या वस्तीचे नावही ऐकलेले नव्हते, पण त्यांच्या हाताला तीच वाट लागली.

जीप करंजावर दोन वर्षे चालली. तिच्यात बसून आमची मुले काटोलला गेली आहेत, माझ्या चुलतबहिणीची वरात निघाली आहे. धुराला कडवट वास यायचा, त्यामुळे गावात जीप दिसायच्या आधी नाकाला कळायची. मामा गावात थोडेसे मोठे झाले. आणि खरे सांगायचे तर मीही थोडा हलका झालो. तीन हजार झाडांचे ओझे त्या जीपने ओढून नेले असे मला वाटू लागले.

२००९ च्या डिसेंबरात मी शनिवार-रविवारसाठी मामांकडे गेलो होतो. रात्री अकराच्या सुमारास मामीच्या पोटात कळा सुरू झाल्या. साध्या नव्हत्या. ती कडवी बाई, कधी ‘आई गं’ म्हणत नाही. ती त्या रात्री ओरडू लागली. जीप काढली. मामा चालवीत होते, मागे मी आणि मामी. बाहेर बोचरी थंडी, ताडपत्रीच्या भोकांतून वारा. कळमेश्वरच्या अलीकडे रेल्वेचे फाटक लागलेले. आम्ही थांबलो आणि मामांनी सवयीने किल्ली फिरवून एंजिन बंद केले.

तोटी करंजावरच होती.

मालगाडी गेली. तिला किती डबे असतात हे मला त्या रात्री कळले. मग दुसरी बाजूने आणखी एक आली. फाटक उघडले तेव्हा पंपातले तेल गार होऊन काकवीसारखे झाले होते. स्टार्टर घरघरला, घरघरला आणि बॅटरीही उतरली. मामा बॉनेट उघडून नळीवर आपला गमचा गुंडाळीत होते, हातांनी चोळीत होते, एखाद्या जनावराला चोळावे तसे. मागे मामी कण्हत होती. मी आपला विजेरी धरून उभा. एम. ए., पीएच. डी.ला नाव नोंदवलेला.

पेट्या भरलेला संत्र्याचा एक ट्रक मागून आला आणि त्या ड्रायव्हरने, देव त्याचे भले करो, एक शब्द न विचारता मामीला केबिनमध्ये घेतले. मामा तिच्याबरोबर गेले. मी जीपपाशी राहिलो. फाटकवाल्याच्या शेकोटीशी बसून मी उरलेली रात्र काढली. पत्रकातले वाक्य डोक्यातून जाईना. जिथून सुरुवात करावी तिथून शेवटी त्याच्यापाशीच पोचत होतो. ते वाक्य नसते तर झाडे नसती, झाडे नसती तर जीप नसती.

पित्ताशयात खडे होते. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि मामी बरी झाली. आज ती नातवंडांवर ओरडते आहे. पण त्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर मी मामांना सगळे सांगून टाकले. ते क्रियापद, ते इंग्रजी पत्रक, ‘तग धरते’चे ‘येते’ कसे केले ते, पाठ थोपटून घेतली होती तेसुद्धा.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “येते म्हंजे काय, हे मले समजत नाही का गा? मी शेतकरी हाव. पाण्यावाचून काई पिकत नाई, हे मले तुह्या जन्माच्या आधीपासून माहीत हाय. बाग गेली होती. मले जे वाचाचं होतं, तेच मी वाचलं.”

मला सुटल्यासारखे वाटले. तेवढ्यात त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“पण मी तसंच वाचन, हे तुले लिहितानी माहीत होतं का नाई?”

याला मी उत्तर दिले नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. जाताना मात्र वाकून माझ्या पाया पडले, रीतीप्रमाणे. मी पाय मागे घेतले तर म्हणाले, “राहू दे, तो हिशेब येगळा हाय.”

त्यानंतर तीन हजारांपैकी बांधावरची झाडे तेवढी ठेवून मामांनी बाकीची काढून टाकली. आता तिथे तूर आणि कपाशी असते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये नागपुरात इथेनॉलवर चालणारी बस आली तेव्हा मामा मुद्दाम ती बघायला आले. तिचे एंजिनही डिझेलच्याच जातीचे, फक्त त्यात हवा अठ्ठावीसपट दाबायची सोय केलेली, कारण मद्यार्क दाबाने लवकर पेटत नाही. इंधनात पंचाण्णव टक्के इथेनॉल आणि बाकी पेटायला मदत करणारी द्रव्ये. मामांनी बसभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, खाली वाकून पाहिले, ड्रायव्हरला “थंडीत सुरू होते का?” असे विचारले आणि उत्तर ऐकून मान हलवली. ती बस सेवा २०१८ मध्ये बंद पडली. गाडी बिघडली म्हणून नव्हे. गाड्या चांगल्या होत्या. देण्याघेण्याचे गाडे अडले.

आता पेट्रोल पंपावर आपल्या सगळ्यांच्याच गाड्यांत वीस टक्के इथेनॉल असते आणि चार माणसे जमली की गाडीला ते मानवते की नाही यावर वाद होतो. मामांना त्यात रस नाही. “गाडी काईबी पिते,” ते म्हणतात, “पाजणारा टिकला पायजे.”

तर गेल्या दिवाळीत मी त्या विद्यार्थ्याला म्हणालो, “पत्रकाचे नंतर बघू. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर काटोलला चल.” आमच्या घरातून पाच लिटरचा एक डबा बरोबर दिला होता. त्यात चकल्या, करंज्या आणि शेव तळून उरलेले तेल. शेजारच्या दोन बिऱ्हाडांचेही त्यात होते, हे तेल परत परत तापवून खाऊ नये असे आता सगळेच सांगतात. मामा ते जुन्या धोतराच्या चार पदरांतून गाळतात, उन्हाळ्यात आणि भर दुपारीच वापरतात. जीप आता शिवारापुरती आणि गावच्या फाट्यापुरतीच उरली आहे, मामा बहात्तर वर्षांचे झाले आहेत आणि मिस्त्रीने सांगितलेली पाच मिनिटे ते आता घड्याळ लावून पाळतात.

विद्यार्थ्याने पत्रक मामांच्या हाती दिले. मामांनी चष्मा शोधला, तो सापडेपर्यंत मामीने फराळाचे ताट आणले. मग त्यांनी ओठ हलवीत पत्रक वाचले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, फोन नंबरासकट. वाचून झाल्यावर कागद उलटा केला. पाठीमागचा भाग कोरा होता. तो त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला.

“मांगं काई लिवलं नाई?”

“मागे काय लिहायचे, मामा?” पोराने विचारले.

“पहिल्या साली किती पाणी लागते. गवत नाई आलं त काय. गॅसवाले नाई आले त काय. गवत कोन, कोन्या भावानं, किती साल घेईन.” मामा करंजी मोडून खात म्हणाले. “एवढी मोठी जागा कोरी हाय.”

पोराने माझ्याकडे पाहिले. मी ताटाकडे पाहिले. मग त्याने खिशातले पेन काढले आणि कागदाच्या मागच्या बाजूला पहिला प्रश्न लिहिला. ‘पाणी’ मधला णी त्याने नी असा काढला होता. मी दुरुस्त केला नाही.

चारच्या बसला त्याला फाट्यावर सोडायला मामांनी जीप काढली. वळणावरून दिसेनाशी झाली तरी बराच वेळ रस्त्यावर चकल्यांचा वास रेंगाळत होता आणि गावातली दोन कुत्री मोठ्या आशेने तिच्या मागे धावत गेली होती.